मेकअप वॉटर आणि सायट्रेट

मामांचं म्हणणं एका दमात सांगून होतं. "पेशीला साखर मिळाली, तिने ती जाळली, शक्ती तयार झाली, पोटॅशियमची दारं मिटली, कॅल्शियम आत आलं, इन्सुलिन बाहेर पडलं. दहावीच्या पोराला कळेल इतकं सरळ आहे. यात तुम्ही लोक इतकी वर्षं शोधताय तरी काय?"

मामांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात गेली, ऑपरेशनला. १९७०-७१ साली लागलेले पहिले दोन संच २०११ मध्ये बंद झाले. पुढचे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले, आणि त्यांच्याच कंट्रोल रूममध्ये मामांनी पाळ्या काढल्या. कुठलंही यंत्र समजून घ्यायची त्यांची एकच रीत आहे: आत काय जातं, बाहेर काय येतं, हिशेब जुळतो का. मी पुण्यात पेशींवर काम करते, इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींवर. त्या उंदराच्या स्वादुपिंडातल्या गाठीपासून तयार केलेल्या आहेत. मामींना मधुमेह आहे. त्यामुळे एकलहऱ्याला गेले की आमचा हा वाद निघतोच, आणि दोघांपैकी कुणीही तो करमणूक म्हणून घालत नाही.

मामांची गोष्ट खोटी नाही. रक्तातलं ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं. तिथे ग्लुकोकायनेज नावाचं विकर त्याच्यावर पहिली प्रक्रिया करतं. साखर १४० मिलिग्रॅमच्या आसपास असते तेव्हा हे विकर आपल्या निम्म्या वेगाने चालतं. जेवणाआधी आणि जेवणानंतर रक्तातली साखर ज्या टप्प्यात वरखाली होते, त्याच टप्प्यात त्याचा वेगही कमीजास्त होतो. पुढे ग्लुकोजचं पायरुव्हेट होतं, पायरुव्हेट तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) जातं, सायट्रिक आम्ल चक्र फिरतं, एटीपी, म्हणजे मामांची 'शक्ती', वाढतं. एटीपी वाढलं की पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं मिटतात, हे १९८४ साली दिसून आलं. दारं मिटली की आवरणावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रित्या होतात. मामी घेतात ती ग्लिमेपिराइडची गोळी याच दारावर बसते. रक्तात साखर असो वा नसो, ती दार मिटवते.

"मग झालं की," मामा म्हणाले. "भट्टी, बॉयलर, टर्बाइन, स्विचयार्ड. चक्र म्हणजे तुमची भट्टी."

चक्र म्हणजे भट्टी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय त्याला एक कारण आहे. हान्स क्रेब्स यांनी १९३७ साली शेफील्डमध्ये हे चक्र मांडलं ते कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून. कबुतराचा तो स्नायू पंख हलवतो. त्याला जाळायचं असतं, भरपूर आणि सतत. 'नेचर'ने तो निबंध तेव्हा छापला नाही, तो दुसरीकडे छापून आला. १९५३ साली क्रेब्स यांना नोबेल मिळालं. चक्र स्नायूत सापडलं, म्हणून स्नायूचं काम तेच चक्राचं काम असं आपण धरून चाललो. बीटा पेशी मात्र कुठे उडत नाही, काही ओढत नाही. रक्तात साखर किती आहे हे ओळखायचं आणि तेवढं इन्सुलिन सोडायचं, एवढ्यासाठी ती आहे.

हे मामांना पटलं नाही. "काम वेगळं असेल, भट्टी तीच राहते. आमच्याकडची वीज पंपालाही जाते आणि दवाखान्यालाही."

तेव्हा मी त्यांना १९९२ सालचा बेल्जियममधला एक प्रयोग सांगितला. डायझॉक्साइड हे औषध पोटॅशियमची दारं उघडीच ठेवतं. संशोधकांनी ते घातलं, म्हणजे एटीपीने दार मिटायची सोय राहिली नाही. मग बाहेरच्या द्रवात पोटॅशियम वाढवून कॅल्शियम जबरदस्तीने आत आणलं. आता दार हलत नाही आणि कॅल्शियमही वर गेलेलं आहे. मामांच्या साखळीतली प्रत्येक कडी बांधून टाकली. मग फक्त ग्लुकोज वाढवलं, आणि इन्सुलिन आणखी वाढलं.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दुसरी लाइन आहे."

"आहे. आणि ती तंतुकणिकेतूनच निघते, एवढं बऱ्यापैकी ठाऊक आहे. भांडण आहे ते त्या लाइनमधून जातं काय, यावर."

इथे मला त्यांच्याच धंद्यातली एक गोष्ट उपयोगी पडली. औष्णिक केंद्रातलं पाणी फिरतं असतं: बॉयलरमध्ये वाफ, टर्बाइन, कंडेन्सर, परत पाणी, परत बॉयलर. तरी थोडं पाणी सतत बाहेर जातंच, ब्लोडाउनमध्ये, गळतीत, काजळी झाडताना. ते भरून काढायला डीएम प्लांटमधलं शुद्ध केलेलं पाणी आत घालतात, त्याला मेकअप म्हणतात. मी विचारलं, "मामा, एखाद्या पाळीत मेकअप एकाएकी वाढला तर तुम्ही काय करायचात?"

"काय करायचात म्हणजे? पहिला प्रश्न, पाणी जातंय कुठे? ट्यूब फुटली का बघायचं. मेकअप वाढलाय म्हणजे कुठूनतरी बाहेर जातंय, यात शंका नाही."

सायट्रिक आम्ल चक्राचंही असंच आहे. तंतुकणिकेत आलेल्या पायरुव्हेटला चक्रात शिरायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने त्याचं असेटिल-को-ए होतं आणि चक्रात ते जळून जातं. दुसऱ्या वाटेवर पायरुव्हेट कार्बोक्सिलेज नावाचं विकर आहे. ते पायरुव्हेटचं ऑक्झॅलोअसेटेट करतं, म्हणजे चक्रातला माल वाढवतं. ही मेकअपची लाइन. यकृतात हे विकर भरपूर असतं आणि ते का, हेही कळतं, कारण यकृत चक्रातला माल बाहेर काढून त्यापासून नवं ग्लुकोज बनवतं. बीटा पेशी ग्लुकोज बनवत नाही. तरी उंदराच्या बीटा पेशीत हे विकर यकृताच्या तोडीचं भरलेलं आहे, आणि आलेल्या पायरुव्हेटपैकी जवळजवळ निम्मं याच वाटेने आत जातं. विस्कॉन्सिनच्या मायकेल मॅकडोनल्ड यांनी याच प्रश्नाचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. मेकअप इतका मोठा, मग माल जातो कुठे?

मामांना प्रश्न आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण लगेच त्यांनी मला दुसऱ्या बाजूने धरलं.

"हे शोधलं कशात? तुझ्या त्या गाठीच्या पेशींत ना?"

"बरंचसं, हो."

"तिथेच माझा आक्षेप आहे."

आक्षेप साधा नाही. स्वादुपिंडातली इन्सुलिनची गाठ, इन्सुलिनोमा, माणसात फार विरळ: वर्षाला दहा लाखांत एक ते चार. बहुधा एकच असते, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, आणि दहातल्या नऊ वेळा कर्करोगाची नसते. पण माणसाला ती हैराण करते. पहाटे घाम फुटतो, माणूस असंबद्ध बोलतो, कधी फिट येते, आणि साखर पोटात गेली की थोड्या वेळात पूर्ववत होतो. अपस्मार किंवा मनाचा आजार समजून यातल्या कित्येकांवर वर्षानुवर्षं भलतेच उपचार होतात. लक्षणं, त्याच वेळी रक्तात साखर कमी आणि साखर दिल्यावर आराम, ही तीन गोष्टींची खूण अ‍ॅलन व्हिपल या शल्यविशारदाने १९३८ साली बांधून दिली, ती आजही वापरतात. गाठ काढून रुग्ण बरा केल्याची पहिली नोंद १९२९ची, टोरोंटोच्या रॉस्को ग्रॅहम यांची. त्याच गावात आठ वर्षांपूर्वी इन्सुलिन सापडलं होतं. निरोगी बीटा पेशी साखर उतरली की हात आखडते. ही गाठ साखर पन्नासच्या खाली गेली तरी इन्सुलिन सोडतच राहते.

"म्हणजे गव्हर्नर अडकलेलं टर्बाइन," मामा म्हणाले. "वेग वाढतोय तरी वाफ तोडत नाही. आता तू मला सांग, अडकलेला गव्हर्नर बघून चांगला गव्हर्नर कसा चालतो हे शिकता येतं का? मी शिकाऊ पोरांना असं कधी शिकवलं नाही. चांगल्या संचावर उभं करून शिकवलं."

मामांचा हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. झटकणारे लोक माझ्या क्षेत्रात आहेत आणि मला त्यांची चीड येते. गाठीच्या पेशींनी पुष्कळांना फसवलं आहे. ग्लुकोकायनेजऐवजी त्या बऱ्याचदा हेक्सोकायनेज या दुसऱ्या विकरावर चालतात. ते २० मिलिग्रॅमहूनही कमी साखरेला पूर्ण वेग घेतं, म्हणजे ८० आणि १८० यांत त्याला फरकच कळत नाही. आरआयएन-एम-५-एफ ही १९८० सालची पेशीमालिका अशीच आहे, ग्लुकोज वाढवलं तरी ती फारशी दाद देत नाही. तिच्यावर काम करून निरोगी बीटा पेशीबद्दल निष्कर्ष काढलेले निबंध मी वाचलेत.

मग या पेशी वापरायच्याच कशाला? कारण निरोगी बीटा पेशी पुरेशा मिळतच नाहीत. एका उंदराच्या स्वादुपिंडातून काही शे बेटं निघतात. बेटं म्हणजे इन्सुलिनच्या आणि इतर संप्रेरकांच्या पेशींचे बारीक पुंजके. ती काढल्यावर काही दिवस टिकतात, वाढत नाहीत. कार्बनचा माग काढायला कोट्यवधी पेशी लागतात, त्याही सगळ्या एकाच जातीच्या. १९७७ साली अमेरिकेत उंदरांना क्ष-किरणांचा मोठा मारा देऊन उठवलेल्या एका गाठीतून ही सगळी घराणी निघाली. १९९२ साली जिनिव्हात त्याच गाठीतून आयएनएस-१ ही पेशीमालिका तयार झाली. अशा पेशीमालिका सांभाळून देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवायचं काम पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार करतं.

मामांना मी एकदा या पेशी कशा सांभाळतात ते सविस्तर सांगितलं होतं. वाढीच्या द्रवात मर्कॅप्टोइथेनॉल घालावं लागतं, नाहीतर आयएनएस-१ मरगळते. बाटली उघडली की गंधकाचा उग्र वास नाकात शिरतो आणि घरी आल्यावरही केसांत राहतो. पेशी फ्लास्कच्या तळाला बेटाबेटांनी चिकटून वाढतात, एकसारखा थर धरत नाहीत. प्रयोगाच्या दिवशी त्यांना आधी दोन तास अगदी कमी साखरेच्या द्रवात ठेवायचं. मग एका खाचेत कमी साखर, शेजारच्या खाचेत जास्त. तासाभराने वरचा द्रव अलगद काढून घ्यायचा, तळ ढवळू द्यायचा नाही, आणि त्यातलं इन्सुलिन मोजायचं. दोन खाचांमधला फरक दुप्पट आला तर काम रडतखडत चालतं, आठपट-दहापट आला तर दिवस सार्थकी लागतो.

तो फरक वाढवायचा उपाय २००० साली न्यूगार्ड यांच्या अमेरिकेतल्या गटाने केला. त्यांनी आयएनएस-१ मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक घातलं आणि एकेक पेशी सुटी करून प्रत्येकीचा स्वतंत्र वंश वाढवला. वंश बाहेर आले ते एकमेकांपासून अगदी निराळे. ८३२/१३ नावाचा वंश साखरेला जोरदार प्रतिसाद देतो, तर काही वंश जवळजवळ ढिम्म.

"मामा, तुम्ही म्हणता अडकलेला एक गव्हर्नर बघून काही कळत नाही. मान्य. पण एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून आलेले पाच गव्हर्नर तुमच्यासमोर ठेवले, दोन उत्तम चालणारे, एक मध्यम, दोन अडकलेले, तर?"

"मग उघडून बघेन. फरक कशात आहे ते सापडेल."

न्यूगार्ड यांच्या गटाने तेच केलं. ग्लुकोजमध्ये नेहमीच्या कार्बनऐवजी कार्बन-१३ घातला. हा किरणोत्सारी नसतो, थोडा जड असतो, आणि चुंबकीय अनुनादाच्या यंत्रात कुठल्या रेणूत कुठल्या जागी जाऊन बसला ते दिसतं. २००२ साली निकाल छापून आला. चांगल्या आणि ढिम्म वंशांमध्ये जळण्याच्या वाटेवर फारसा फरक नव्हता. जाळत सगळेच होते. फरक होता तो मेकअपच्या वाटेवर. पायरुव्हेट कार्बोक्सिलेजमधून आत जाऊन, चक्रातून बाहेर पडून, पुन्हा पायरुव्हेट होऊन परत आत येणाऱ्या कार्बनचा फेरा ज्या वंशात मोठा, त्या वंशाचं इन्सुलिनही जास्त. निरोगी बेटं घेऊन हे कळलं नसतं. तिथे सगळ्या पेशी चांगल्याच असत्या, मग फरक कुणात शोधणार?

"ठीक," मामा म्हणाले. "सोबत चालणं म्हणजे कारण नव्हे. गावातला भोंगा आणि पाळी एकाच वेळी असते, भोंग्यामुळे टर्बाइन फिरत नाही."

बरोबर. म्हणून पुढचं पाऊल होतं एकेक झडप बंद करून बघण्याचं, आणि ते याच गाठीच्या पेशींत करता आलं. चक्रातलं सायट्रेट तंतुकणिकेच्या बाहेर आणणारा एक वाहक आहे. २००६ साली त्याचं प्रमाण पाडलं, इन्सुलिन घटलं. म्हणजे सायट्रेटने बाहेर येणं गरजेचं. बाहेर आलेल्या सायट्रेटचे तुकडे करून त्यापासून मेद बनवायची तयारी करणारं एक विकर आहे. अनेक वर्षं मानलं जात होतं की संदेश तोच. न्यूगार्ड यांच्या गटाने २००७ साली ते विकर पाडलं, आणि इन्सुलिनवर परिणाम झाला नाही. मग उरली दुसरी वाट: सायट्रेटचं आयसोसायट्रेट, आणि पेशीद्रवातल्या आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेजने त्यापासून केलेलं एनएडीपीएच. ते विकर पाडलं तेव्हा इन्सुलिन पडलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले होते. आपण सायट्रेटला जळणाच्या वाटेवरचा एक थांबा समजत होतो. इथे तेच घर सोडून बाहेर निघालं होतं आणि आत किती साखर आली याची बातमी सोबत नेत होतं. एनएडीपीएचमध्ये शक्ती असते, पण इथे ती स्नायू हलवायला खर्च होत नाही. ती इन्सुलिनच्या पिशव्या सोडणाऱ्या प्रथिनांची स्थिती बदलते.

मामा इंजिनिअर आहेत, ते उठून उभे राहिले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि मेकअपची झडपच बंद केली तर? पायरुव्हेट कार्बोक्सिलेज पाडून बघितलं असेल ना कुणी?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट. पाडून बघितलं होतं. न्यूगार्ड यांच्या गटाला इन्सुलिन टिकून राहिलेलं दिसलं, पेशीने दुसरीकडून भरपाई केली असं त्यांनी लिहिलं. मॅकडोनल्ड यांच्या गटाने त्याच ८३२/१३ पेशींत तेच विकर पाडलं आणि इन्सुलिन घटलेलं दाखवलं. पेशी त्याच, विकर तेच, निकाल दोन.

"आमच्याकडे दोन मीटर वेगवेगळं दाखवायला लागले तर आम्ही तिसरा लावायचो," मामा म्हणाले, "आणि तिसरा लागेपर्यंत लॉगबुकात दोन्ही आकडे लिहायचो. तुमच्या निबंधांत दोन्ही आकडे लिहितात का?"

लिहायला हवेत. बऱ्याचदा ज्याला जो निकाल सोयीचा, तोच संदर्भ खाली येतो. मॅकडोनल्ड यांचाच पुढचा निष्कर्ष तर मामांच्या बाजूने जाणारा आहे, आणि तो मी त्यांना स्वतःहून सांगितला. २०११ साली त्यांनी माणसाची बेटं आणि उंदराची बेटं शेजारी ठेवून मोजली. माणसाच्या बेटांत पायरुव्हेट कार्बोक्सिलेज आणि सायट्रेट तोडणारं ते विकर, दोन्ही उंदरापेक्षा खूपच कमी निघाली. म्हणजे ज्या मोठ्या मेकअपवरून सगळा शोध सुरू झाला, तो मेकअप माणसात तेवढा मोठा नाहीच.

मामांनी हात पसरले. "बघ. मी काय म्हणत होतो?"

पण इथे मी मागे हटत नाही. मेकअपची लाइन बारीक असली म्हणून बाहेर जाणाऱ्या मालाचं काम हलकं ठरत नाही. कॅनडात एडमंटनच्या संशोधकांनी २०१५ साली दात्यांच्या स्वादुपिंडातल्या मानवी बीटा पेशी घेतल्या, काही निरोगी, काही मधुमेहींच्या. मधुमेही बीटा पेशींत पिशव्या बाहेर सोडायची क्रिया मंद झालेली होती. पेशीच्या आत आयसोसायट्रेट थेट पोचवलं तेव्हा ती पुन्हा सुधारली. एनएडीपीएच, मग ग्लुटाथायॉन, मग एक प्रथिन, अशी साखळी त्यांनी जोडून दाखवली. उंदराच्या गाठीने दाखवलेला धागा हातात नसता तर मानवी पेशीत आयसोसायट्रेट घालून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं असतं, असं मला वाटत नाही.

माणसांतला आणखी एक पुरावा मला याहून भिडतो, कारण तो प्रयोगशाळेत कुणी रचलेला नाही. फिनलंड आणि जर्मनीतल्या काही कुटुंबांत माणसं जोराचा व्यायाम केला की साखर उतरून गळून पडायची. २००७ साली कारण कळलं. व्यायामात स्नायूंतून रक्तात पायरुव्हेट आणि लॅक्टेट येतं. निरोगी बीटा पेशी त्यांच्यासाठीचा वाहक मुद्दाम बंद ठेवते, म्हणजे ते आत येऊच शकत नाही. या कुटुंबांत त्या वाहकाच्या जनुकाचं कुलूप निघालेलं होतं. पायरुव्हेट आत शिरलं, चक्रात गेलं, आणि रक्तात साखर वाढलेली नसताना पेशीने इन्सुलिन सोडलं. चक्रात काय शिरतं आणि चक्रातून काय निघतं, यावर ही पेशी रक्तातली साखर ताडते. तंतुकणिकेच्या एका जनुकात ३२४३ या जागी बिघाड असला की आईकडून मुलांकडे मधुमेह आणि बहिरेपणा एकत्र जातात, हे १९९२ पासून माहीत आहे. तिथे चक्राच्या पुढचं यंत्रच मंदावलेलं असतं.

मामी एवढा वेळ ऐकत होत्या. त्यांना गोळीने दोनदा साखर उतरून घाम फुटला होता, त्यामुळे प्रश्न त्यांचा होता. "मग या चक्रावरची गोळी आहे का? साखर असेल तेव्हाच चालेल अशी?"

मला खोटी आशा द्यायची नव्हती. ग्लिमेपिराइड पहिलं दार मिटवते, म्हणून रक्तातली साखर कितीही असो, तिचं काम होतं. दुसरी लाइन तशी नाही. ती पहिली चालू असेल तेव्हाच जोर देते, म्हणजे साखर चढली तरच. जीएलपी-१ वर्गातली औषधं अशाच साखर-बांधील पद्धतीने चालतात, पण ती दुसऱ्या मार्गाने जातात. तंतुकणिकेवर काम करणारं इमेग्लिमिन जपानमध्ये २०२१ साली मंजूर झालं आणि नंतर भारतातही आलं. आयसोसायट्रेटच्या साखळीवर थेट काम करणारी गोळी आज बाजारात नाही. मी मामींना तेवढंच सांगितलं, आणि गोळी मनाने कमी-जास्त करू नका, डॉक्टरांना विचारा, असंही.

मामांचा शेवटचा मुद्दा पैशांचा होता, आणि तो मला सगळ्यांत जड गेला. "पुण्यात डॉ. याज्ञिकांचं काम तूच मला वाचायला दिलंस. खेड्यातल्या आईचं पोषण नीट नसेल तर मूल जन्मतःच बारीक आणि तरीही चरबीचं. हाच रोग थांबवायचा असेल तर पैसा तिथे घाल. कोवळ्या पोरींच्या जेवणात घाल. तुझ्या फ्लास्कमध्ये कशाला?"

चित्तरंजन याज्ञिक आणि के.ई.एम. रुग्णालयातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासात ही बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीनच्या घरात, तरी पुण्याच्या बाळांची चरबी त्या मानाने राखलेली. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आईच्या पोषणावर आधी पैसा जायला हवा, यावर मी मामांशी भांडत नाही. पण पुण्यातल्याच दुसऱ्या एका पाहणीत पंचेचाळिशीच्या आत मधुमेह झालेल्या आपल्याकडच्या रुग्णांचे गट पाडले तेव्हा सगळ्यांत मोठा गट, निम्म्याच्या आसपास, इन्सुलिन कमी पडणाऱ्यांचा निघाला. युरोपात हा गट बराच लहान आहे. तिथल्या स्थूल रुग्णांत इन्सुलिन असतं, शरीर त्याला जुमानत नाही. आपल्याकडच्या बारीक माणसाची बीटा पेशीच मुळात कमी देते. ती का कमी देते, हे आईच्या ताटातून निम्मं कळेल. उरलेलं निम्मं त्या पेशीच्या तंतुकणिकेत आहे, आणि ते आपल्याला कोपनहेगनहून किंवा बॉस्टनहून आयतं मिळणार नाही, कारण त्यांचा रुग्ण वेगळा आहे.

"म्हणजे तुला आपल्या माणसाच्या बेटांवर काम करायला हवं," मामा म्हणाले. "उंदराच्या गाठीवर नाही."

"मिळाली तर लगेच करेन. दात्याचं स्वादुपिंड मिळणं आपल्याकडे अजून फार दुर्मीळ आहे. तोवर कुठली झडप आधी बघायची ते गाठीच्या पेशी सांगतात, म्हणजे मिळालेली थोडी बेटं चुकीच्या प्रश्नावर वाया जात नाहीत."

"चालेल. पण एक अट. निबंध छापशील तेव्हा शीर्षकातच लिही, उंदराच्या गाठीच्या पेशींत. आत कुठे बारीक अक्षरात नाही. आणि झडप बंद करून दोन निकाल आले असतील तर दोन्ही छाप."

मी हो म्हटलं, आणि माझीही अट घातली: मेकअपचा हिशेब जुळल्याशिवाय त्यांनी पुन्हा चक्राला भट्टी म्हणायचं नाही. मामांनी ती मानली नाही. भट्टी ती आहेच, म्हणाले, फक्त भट्टीतून आणखी काय काय काढून नेतात ते तुम्ही अजून पुरतं मोजलेलं नाही.